भिंत काढायची नाही!

युद्धपट म्हटला की डोळ्यांपुढे मोकळं मैदान येतं. रणगाडे, धुरळा, हजारभर शिपाई आणि वर घिरट्या घालणारी विमानं. जेवढा पैसा जास्त तेवढं मैदान मोठं, हा या धंद्याचा साधा हिशेब. 1981 साली जर्मनीत निघालेल्या एका युद्धपटानं हा हिशेब उलटा मांडला. 3 कोटी 20 लाख मार्क खर्चून, म्हणजे तेव्हाच्या जर्मन सिनेमाच्या मानानं अवाच्या सवा पैसा ओतून, त्यानं जगातलं बहुधा सर्वांत अरुंद रणांगण उभं केलं. चित्रपटाचं नाव ‘दास बोट’, दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन. रणांगण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पाणबुडी.

ही पाणबुडी ‘सात-सी’ जातीची. लांबी 67 मीटर, हा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण माणसं राहतात ते आतलं पोलादी नळकांडं जिथं सर्वांत रुंद आहे तिथंही साधारण पावणेपाच मीटरच भरतं, आणि दोन्ही टोकांना निमुळतं होत जातं. त्यात दोन डिझेल इंजिनं, दोन विजेच्या मोटारी, जमिनीखाली बॅटऱ्यांच्या रांगा, 14 पाणतीर, नळ, चाकं, तबकड्या, दोन महिन्यांचं रेशन आणि या सगळ्यातून उरलेल्या फटीत पन्नासच्या आसपास माणसं. बिछाने माणसांपेक्षा कमी, त्यामुळे एक पहाऱ्यावर गेला की त्याच्या उबदार बिछान्यात दुसरा शिरणार. संडास दोन, त्यातल्या एकात सुरुवातीला खाण्याचं सामान भरलेलं. समोरून कुणी आलं तर दोघांनी अंग चोरून, पोट आत घेऊन जायचं.

आता यात सिनेमा कसा काढायचा?

याचं उत्तर स्टुडिओवाल्यांकडे फार जुनं आहे. भिंत काढायची. सिनेमातल्या बहुतेक खोल्यांना तीनच भिंती असतात, चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा, दिवे, माइकचा दांडा आणि चहाचे कप घेतलेली वीस माणसं उभी असतात. हवी ती भिंत बाजूला सरकवता येईल असाच सेट बांधतात. प्रेक्षकाला कळतही नाही. खरं तर कळतं, फक्त नेमकं काय कळलं हे सांगता येत नाही. कॅमेरा जिथं उभा राहूच शकत नाही तिथून खोली दिसली की मनातल्या मनात आपण खोलीतून बाहेर आलेलो असतो. आपला जीव सुखरूप असतो.

पीटरसननं ठरवलं की पाणबुडीत एकदा प्रेक्षक शिरला की त्याला बाहेर येऊ द्यायचं नाही. म्हणून भिंत काढायची नाही. या चित्रपटात जी काही करामत आहे, कॅमेऱ्याची, दिव्यांची, आवाजाची, अगदी नटांच्या दाढ्यांचीसुद्धा, ती सगळी या एका हट्टातून निघाली आहे.

म्युनिकजवळच्या बाव्हारिया स्टुडिओत कलादिग्दर्शक रोल्फ झेहेटबाउअर यांनी पाणबुडीचं पोट मूळ मापानं, जसंच्या तसं बांधलं. हे तेच, ज्यांना ‘कॅबरे’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं होतं. स्क्रूसुद्धा त्या काळातल्यासारखे असावेत इथवर काटेकोरपणा. मग ते अख्खं नळकांडं जमिनीपासून पाच मीटर उंचीवर हायड्रॉलिक यंत्रणेवर चढवलं. ही यंत्रणा त्याला हलवणार, डोलवणार, गदागदा झटके देणार आणि 45 अंशांपर्यंत कलवणार. 45 अंश म्हणजे अर्ध्या काटकोनाचा चढ. त्या चढावर तेल सांडलेल्या लोखंडी जमिनीवरून माणसांनी धावायचं होतं, आणि त्यांच्या मागून कॅमेऱ्यानं.

हा कॅमेरा धरणारा माणूस म्हणजे छायालेखक योस्ट व्हाकानो. माझ्या मते या चित्रपटाचा खरा नायक तोच. धावत्या माणसाच्या हातातला कॅमेरा हिसके खातो, पडद्यावर ते पाहवत नाही. त्यावर तोडगा म्हणून सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्टेडिकॅम आला होता. अंगावर चिलखतासारखा पट्टा, त्याला स्प्रिंगचा हात, हाताला खांब, खांबावर कॅमेरा. ‘द शायनिंग’ या चित्रपटात हॉटेलच्या लांबलचक बोळांतून तो तरंगत जातो. पण हॉटेलच्या बोळाला रुंदी असते. पाणबुडीत तो पट्टा, तो हात आणि तो खांब घेऊन कप्प्याकप्प्यांमधल्या गोल दारातून माणूस आरपार जाणार कसा?

व्हाकानोनं म्युनिकच्याच आरी कंपनीचा लहानसा हातातला कॅमेरा घेतला आणि त्याला दोन जायरोस्कोप जोडले. जायरोस्कोप म्हणजे तत्त्वतः आपला भोवरा. जोरात फिरणारा भोवरा बोटानं कलवायला गेलं तर तो प्रतिकार करतो, आपला आस सोडायला तयार नसतो. असे दोन भोवरे एकमेकांशी काटकोनात बसवले तर कॅमेरा ना इकडे डुलतो ना तिकडे. आणि हे सगळं दोन हातांत मावेल एवढंच. डोक्याला हेल्मेट, अंगभर जाड गाद्या बांधून व्हाकानो त्या नळकांड्यातून धावत सुटायचा. गाद्या हव्यातच, कारण दर दोन पावलांवर काही ना काही लोखंडी बाहेर आलेलं.

या धावण्याचं फळ पाहायचं असेल तर चित्रपटातला बुडी मारण्याचा प्रसंग पाहा. घंटा वाजते, आणि ज्याच्या हातात त्या क्षणी काम नाही तो प्रत्येक जण पुढच्या टोकाकडे पळत सुटतो. पहिल्यांदा पाहताना वाटतं, हे घाबरून पळताहेत की काय. पण तो हुकूम आहे. पाणबुडीनं झटकन नाक खाली घालावं म्हणून माणसांचं वजन पुढे टाकायचं. खलाशी हे इथं चालतंबोलतं वजन. अर्ध्या मिनिटात लाटांखाली जायचं, नाहीतर संपलं. कॅमेरा त्यांच्या पाठोपाठ सुटतो. गोल दार येतं, पुढचा पाय उचलून डोकं वाकवून आत उडी घेतो, कॅमेराही घेतो. पुन्हा दार, पुन्हा उडी. टांगलेली सॉसेजं, बिछान्यातून लोंबणारे हात, स्वयंपाक्याची कढई, सगळं कानाजवळून जातं आणि कुठेही तुकडा पडत नाही. नळकांडं किती लांब आहे आणि त्यातून बाहेर पडायला खरोखर वाट नाही, हे त्या काही सेकंदांत शरीराला समजतं. शब्दांत सांगावं लागत नाही.

जायरोस्कोपमुळे आणखी एक गोष्ट साधली. सेट 45 अंशांत कलवला आणि कॅमेरा सेटलाच घट्ट बसवलेला असला, तर पडद्यावर काहीच कललेलं दिसणार नाही. भिंत, जमीन, कॅमेरा सगळंच एकत्र कललं. फक्त माणसं वेडीवाकडी उभी राहिल्यासारखी दिसतील. कलणं दिसण्यासाठी कॅमेऱ्यानं बाहेरच्या क्षितिजाशी इमान राखायला हवं, पाणबुडीशी नाही. व्हाकानोच्या हातातला कॅमेरा आपला तोल धरून राहतो, म्हणून भिंती त्याच्याभोवती फिरतात आणि आपल्या पोटात ढवळून येतं.

दिव्यांचंही तेच. कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणार आणि उलटून मागेही पाहणार, तर सिनेमाचे मोठे दिवे ठेवणार कुठे? ठेवले की दिसलेच. त्यामुळे उजेडाची भिस्त पाणबुडीत जे दिवे असतात त्यांच्यावर. जाळीतले बल्ब, तबकड्यांवरचे मिणमिणते दिवे आणि वीज गेल्यावर खलाशांच्या हातातल्या विजेऱ्या. चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात राहिला तर राहू दे.

मग नटांची पाळी. सिनेमाचं चित्रीकरण कथेच्या क्रमानं सहसा होत नाही. एका ठिकाणचे सगळे प्रसंग एकदाच उरकायचे, मग कथेत ते सुरुवातीचे असोत की शेवटचे. पैसे वाचतात. इथं मात्र जवळजवळ सगळी कथा एकाच नळकांड्यात घडते, म्हणून क्रमानं शूट करणं शक्य होतं, आणि पीटरसननं ते केलं. काम वर्षभर चाललं. नटांनी दाढी-केस वाढू द्यायचे, उन्हात जायचं नाही. सुरुवातीला गुळगुळीत गालांची, हसरी पोरं बंदरातून निघतात. पुढे पुढे चेहरे पिठासारखे होत जातात, डोळे खोल जातात, दाढ्या वाढतात. मेकअपच्या पेटीतून एवढं येत नाही. अरुंद जागेतून न अडखळता पळायची तालीमही त्यांनी आधी करून घेतली होती.

बहुतेक नट तेव्हा फारसे कुणाला माहीत नव्हते. कप्तान झालेला युर्गेन प्रोखनोव्ह या चित्रपटामुळे जगाला कळला. वार्ताहर झालेला हर्बर्ट ग्रोनेमायर पुढे गायक म्हणून जर्मनीत एवढा गाजला की नवी पिढी त्याला नट म्हणून ओळखतही नाही. खलाशी या कप्तानाला ‘म्हातारा’ म्हणतात. ज्याच्यावरून हे पात्र घेतलं तो खरा म्हातारा, हाइनरिख लेमन-विलेनब्रोक, या सफरीत तिसावं वर्ष पूर्ण करत होता. बाकीचे विशी-बाविशीतले, म्हणून हा म्हातारा.

खरा कप्तान म्हणजे ही कथा खरी का? बऱ्याच अंशी. 1941 च्या शरद ऋतूत लोथार-ग्युंटर बुखहाइम नावाचा तरुण युद्धवार्ताहर ‘यू-96’ या पाणबुडीवर चढला. त्याचं काम जर्मन नौदलाची शौर्यगाथा रंगवणं. त्यानं पाच हजारांहून अधिक छायाचित्रं काढली आणि जे पाहिलं ते पोटात ठेवलं. तीस वर्षांनी, 1973 मध्ये, त्यातून कादंबरी बाहेर पडली आणि तिचा प्रचंड खप झाला. हॉलिवूडनं आधी झडप घातली. रॉबर्ट रेडफर्डला कप्तान करायचं चाललं होतं, मग पॉल न्यूमनचं नाव आलं. काही जमलं नाही. शेवटी हे काम टीव्हीवर नाव काढलेल्या पीटरसनकडे आलं. जन्म 1941 चा, एम्डेन या बंदराच्या गावचा. बुखहाइम ज्या वर्षी पाणबुडीत शिरला त्या वर्षी हा पाळण्यात होता. खुद्द लेमन-विलेनब्रोक सल्लागार म्हणून सेटवर आला. आपलं तरुणपण जिथं गेलं ते नळकांडं चाळीस वर्षांनी म्युनिकच्या एका शेडमध्ये अधांतरी टांगलेलं पाहून त्याच्या मनात काय आलं असेल, कोण जाणे.

बाहेरच्या दृश्यांसाठी पूर्ण मापाचा दुसरा सांगाडा बनवला आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर ला रोशेलला नेला. जर्मनांनी पाणबुड्यांसाठी बांधलेले काँक्रीटचे अजस्र गोठे तिथं अजून उभे आहेत, त्यामुळे बंदराचा सेट बांधावाच लागला नाही. त्याच सुमारास स्टीव्हन स्पीलबर्ग ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ करत होता. त्याला नाझी पाणबुडी हवी होती, त्यानं हाच सांगाडा उसना घेतला. म्हणजे इंडियाना जोन्सच्या चित्रपटात जी पाणबुडी दिसते ती यांचीच.

वादळाची दृश्यं मात्र स्टुडिओतल्या हौदात झाली. पाणबुडीचा वरचा मनोरा तेवढा पाण्यात उभा करून नटांच्या तोंडावर गार पाण्याचे लोट सोडायचे. अशाच एका टेकमध्ये यान फेडर हा नट खरोखर घसरून खाली आपटला. त्याच्या बरगड्या मोडल्या. दुसरा एक नट ‘माणूस पडला!’ म्हणून ओरडला. संवाद संहितेत नव्हता. पीटरसनला वाटलं पोरानं काहीतरी छान सुचवून केलं. कल्पना चांगली आहे, पुन्हा एकदा घेऊ, असं तो म्हणाला. पुन्हा कसलं घेणार, फेडर इस्पितळात. तोच टेक चित्रपटात आहे, फेडरच्या तोंडावरची कळ अस्सल आहे, आणि त्याचं पात्र पुढे काही काळ बिछान्यात दिसतं कारण संहिताच तशी बदलावी लागली. सिनेमावाल्यांच्या या जातीच्या गोष्टी ऐकताना आपण हसतो आणि मग जरा ओशाळतो. वर्षभर माणसांना नळकांड्यात कोंडून, पाण्यानं झोडपून काढलेल्या कलाकृतीचं कौतुक करताना हेही लक्षात असावं.

आता आवाज. हा भाग मला सर्वांत अजब वाटतो. जायरोस्कोप चालू झाले की घोंगावतात, छोटा कॅमेराही खडखडतो. अशा गोंगाटात संवाद ध्वनिमुद्रित होणं अशक्य. म्हणून आख्खा चित्रपट मुका शूट केला आणि आवाज नंतर चढवला. नट आपले संवाद पुन्हा बोलले, इंग्रजी आवृत्तीतही त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्वतःच आवाज दिला. तुम्ही पाणबुडीत जे ऐकता, पोलादाची कण्हणारी कुरकुर, थेंबांची टपटप, दबलेला श्वास, त्यातलं जवळजवळ काहीही त्या क्षणी तिथं वाजलेलं नाही. आणि हा चित्रपट तर कानांनीच पाहायचा आहे!

कारण पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीला डोळे नसतात. पेरिस्कोप पृष्ठभागाजवळच उपयोगी. खोल गेलं की सगळा भरवसा कानांवर. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगानं, आणि दूरवर जातो. म्हणून एक माणूस कानाला यंत्र लावून एक चाक हळूहळू फिरवत बसलेला असतो आणि शत्रूच्या जहाजाचा पंखा कुठल्या दिशेला घुमतोय ते सांगतो. बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत असतात. वरची ब्रिटिश विनाशिका आवाजाची एक टोचणी पाण्यात सोडते. ती पोलादावर आपटून परत गेली की वरच्याला ठिकाण कळतं. ती ‘पिंग’ आत सगळ्यांना ऐकू येते. आधी सावकाश, मग जवळजवळ. मग डोक्यावरून पंख्याची धडधड. मग शांतता. याचा अर्थ डेप्थ चार्ज खाली येऊ लागले आहेत.

डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकानं भरलेलं पिंप, प्रत्येकात सव्वाशे-दीडशे किलो दारू. ठरलेल्या खोलीवर पाण्याचा दाब कळ दाबतो आणि ते फुटतं. पाणबुडीला लागण्याचीही गरज नसते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे स्फोटाचा धक्का पाणी फारसा न गिळता पुढे पोचवतं. एवढं सगळं वर घडत असताना आतल्यांनी करायचं काय, तर काही नाही. बोलायचं नाही, चमचा पाडायचा नाही, खोकायचं नाही. युद्धपटाच्या ऐन लढाईत सगळी पात्रं स्वस्थ बसून छताकडे पाहताहेत, आणि पाहणारा खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसलाय, असं दुसऱ्या कुठल्या चित्रपटात घडतं ते मला तरी आठवत नाही.

जिब्राल्टरजवळ पाणबुडी सुकाणू निकामी होऊन खाली खाली जाते आणि 280 मीटरवर तळाला टेकते. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब वाढतो हे शाळेत शिकलेलं असतं. तर 280 मीटरवर अठ्ठावीस किलो. अंगठ्याच्या नखावर अठ्ठावीस किलो. तळहाताएवढ्या, शंभर चौरस सेंटिमीटरच्या पत्र्यावर 2800 किलो. त्या प्रसंगात बोल्ट तुटून गोळीसारखे सुटतात. इथं चित्रपटानं थोडी मीठमिरची लावली आहे, खऱ्या पाणबुडीचं दाब सोसणारं कवच वेल्डिंगचं होतं. जुन्या लोकांची आणखी एक तक्रार होती की खरे पाणबुडीवाले एवढा आरडाओरडा करत नसत. बुखहाइमला तर चित्रपट बिलकूल आवडला नाही. अर्धा उथळ अमेरिकी मारधाडपट, अर्धं जर्मन युद्धकाळातलं प्रचारचित्र, अशा अर्थाची टीका त्यानं केली. लेखक आणि सिनेमा यांची भांडणं नवी नाहीत, पण त्याचं म्हणणं सरसकट उडवून लावण्यासारखंही नाही.

कारण एक अवघड प्रश्न उरतोच. ही माणसं हिटलरच्या बाजूची. चित्रपटात कडवा नाझी म्हणावा असा अधिकारी एकच. बाकीचे थकलेले, चेष्टेखोर, घरच्या पत्रांची वाट पाहणारे. खऱ्या ‘यू-96’नं मात्र 27 जहाजं बुडवली. पीटरसनला हा प्रश्न दिसत नव्हता असं नाही. ज्या टँकरवर त्यांनी पाणतीर सोडले तो रात्री अजून जळताना सापडतो. कप्तान त्याला संपवण्यासाठी आणखी एक सोडतो. आणि मग दिसतं की डेकवर माणसं आहेत. पेटलेली माणसं पाण्यात उड्या घेतात, पोहत पाणबुडीकडे येऊ लागतात. आत आधीच पन्नास जण, कैदी घ्यायला जागा नाही, हुकूमही नाही. कप्तान पाणबुडी मागे घ्यायला सांगतो.

हे दृश्य पाहताना आपल्याकडच्या माणसानं जरा थांबावं. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा जवळपास चौथा हिस्सा खलाशी हिंदुस्थानी होता. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि इंजिनखान्यात, गोव्याचे ख्रिस्ती लोक भटारखान्यात आणि जेवण वाढायला, सिल्हेटचे लोक कोळशाच्या भट्टीपाशी. पाणतीर लागतो तो बहुतेकदा खाली, इंजिनखान्याजवळ. समुद्रात बेपत्ता झालेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सहा हजारांहून अधिक खलाशांची स्मृती जपणारं दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक मुंबईत, मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. ‘दास बोट’ त्यांची बाजू दाखवत नाही. तो दाखवेल अशी अपेक्षाही नाही, कारण आतून बाहेरचं दिसतच नाही हीच त्याची अट आहे. पण आपण पाहताना ती जोडून घ्यायला कुणाची ना नाही.

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर एक ओळ येते. चाळीस हजार जर्मन पाणबुडी खलाशांपैकी तीस हजार परत आले नाहीत, अशा अर्थाची. पीटरसन सांगायचा की लॉस एंजेलिसच्या पहिल्या खेळाला ही ओळ आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शत्रू मेला, बरं झालं. पीटरसनच्या पोटात गोळा आला. अडीच तासांनी तेच लोक उभं राहून पुन्हा टाळ्या वाजवत होते, या वेळी चित्रपटासाठी.

ऑस्करसाठी सहा नामांकनं मिळाली. परभाषेतल्या चित्रपटासाठी ही मोठीच गोष्ट. दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, छायालेखन, संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम. 11 एप्रिल 1983 च्या त्या रात्री हाती एकही लागलं नाही. ध्वनीची दोन्ही ‘ई.टी.’नं नेली, पटकथेचं ‘मिसिंग’नं. आणि दिग्दर्शन, छायालेखन, संकलन ही तिन्ही गेली ती रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’कडे. त्याच रात्री त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं, ते जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. योगायोग पाहा, ‘गांधी’त अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी दिल्लीत सुमारे तीन लाख माणसं जमवली होती आणि त्याच सुमारास जर्मनीत पीटरसन पन्नास माणसं नळकांड्यात बसवत होता. परीक्षकांनी तीन लाखांना कौल दिला. ‘गांधी’बद्दल आपल्याला कितीही जिव्हाळा असो, छायालेखनाचं पारितोषिक त्या वर्षी चुकीच्या हातात गेलं असं मला वाटतं. उघड्या मैदानात, लख्ख उन्हात तीन लाख माणसं टिपणं सोपं नाही हे कबूल. पण अंधारात, कललेल्या लोखंडावरून, हेल्मेट घालून धावत एकाच्या चेहऱ्यावरचा घाम टिपणं हे काम वेगळ्याच जातीचं आहे.

चित्रपट पाहायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. 1981 ची मूळ आवृत्ती 149 मिनिटांची आहे, टीव्हीसाठी केलेली मालिका जवळपास पाच तासांची, आणि 1997 मध्ये पीटरसननं स्वतः पुन्हा जुळवलेली 209 मिनिटांची. ही तिसरी पाहा, मूळ जर्मन आवाजात, सबटायटलसह, आणि फोनवर मुळीच नको. कानाला चांगला हेडफोन लावा, दिवे मालवा. पाणबुडीत शिरून पाहायचं असेल तर म्युनिकपर्यंत जायची गरज नाही, जरी पीटरसनचा तो सेट बाव्हारिया स्टुडिओत अजून आहे आणि लोक तिकीट काढून त्यातून फिरतात. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आपल्या नौदलाची ‘आयएनएस कुरसुरा’ पाणबुडी 2002 पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. ती 91 मीटर लांब, म्हणजे ‘यू-96’पेक्षा पुष्कळ ऐसपैस. तरीही आतल्या गोल दारातून एकदा वाकून पलीकडे जा, आणि हे हातात कॅमेरा धरून पळत करायचं होतं हे लक्षात घ्या.